नवं घर लावण्याचा क्रम: किल्ली हातात आल्यापासून पहिल्या पावसापर्यंत

नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाऊन सहा महिने झालेल्या कुटुंबाकडे गेलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. हॉल लखलखीत असतो. सोफा, पडदे, टीव्हीमागची लाकडी चौकट, सगळं जागच्या जागी. आतल्या खोलीत मात्र दाराआड न उघडलेली खोकी रचलेली असतात, स्वयंपाकघरात डाळीचा डबा रोज नव्याने शोधावा लागतो, आणि घरातली आजी हळूच म्हणते, "इथे करमत नाही गं."

या घरांनी मेहनत कमी केलेली नसते. त्यांचा क्रम चुकलेला असतो. जे पाहुण्यांना दिसतं ते आधी लागतं आणि ज्यावर रोजचा दिवस चालतो ते शेवटी. आमच्याकडूनही हेच झालं होतं. पुण्याच्या पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्या सोडून आम्ही शहराबाहेर पुनावळ्याला अकराव्या मजल्यावर राहायला गेलो. तिसऱ्याच दिवशी वास्तुशांतीला ऐंशी माणसं जेवायला होती. त्या गडबडीत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या खोक्यात गेल्या ते दोन दिवस सापडलं नाही. पुढे बहिणीचं आणि दोन मैत्रिणींचं घर लावताना क्रम बदलून पाहिला आणि फरक स्पष्ट दिसला.

सोसायटीत फ्लॅट घेतलेलं, घरात ज्येष्ठ आणि मुलं असलेलं कुटुंब डोळ्यापुढे ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत. एखादा टप्पा छोटा करावा लागला तरी चालेल, पण क्रम उलटा करू नका.

## टप्पा १: सामान हलवण्याआधी रिकामं घर तपासा

घर रिकामं असतं तेव्हाच त्याचे दोष दिसतात. एकदा कपाटं उभी राहिली की भिंत झाकली जाते. त्यामुळे ताबा घेताना सहीची घाई करू नका. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते झालंय का हे आधी विचारा आणि त्याची प्रत मागा. मग एक बादली, एक नाणं, मोबाइलचा चार्जर, खडू आणि वही घेऊन दिवसाउजेडी घरात जा.

पाणी. बाथरूम, बाल्कनी आणि धुण्याच्या जागेत एकेक बादली पाणी ओता. ते जाळीकडे वाहत गेलं पाहिजे. कोपऱ्यात किंवा दाराच्या उंबऱ्याशी साचलं तर उतार चुकलाय. हे नंतर फरशी उखडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. बाथरूमच्या जाळीला बोळा लावून दोन बोटं पाणी चोवीस तास तुंबवून ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या भिंतीच्या पायथ्याशी ओल येते का ते बघा. ओल खालच्या छताला येते, म्हणून खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर त्यांच्याकडेही विचारा.

फरशी. नाण्याने प्रत्येक फरशीवर टकटक करा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने फुली मारा. पोकळ फरशीवर जड कपाट किंवा पलंगाचा पाय आला की ती तडकते.

वीज. प्रत्येक प्लगमध्ये चार्जर लावून बघा. मुख्य पेटीतल्या ईएलसीबीवर, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, चाचणीचं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर वीज लगेच गेली पाहिजे. नाही गेली, तर ते दुरुस्त होईपर्यंत राहायला जाऊ नका. स्वयंपाकघरात मिक्सर, फ्रिज, ओव्हन, पाण्याचा फिल्टर यांना पुरेसे प्लग आहेत का हे मोजा. कमी निघाले तर भिंती कोऱ्या असतानाच वाढवून घ्या.

खिडक्या. प्रत्येक खिडकी सरकवून कडी लावा. बाहेरच्या चौकटीत पाणी जायला बारीक भोकं असतात. ती सिमेंटने बुजलेली असली तर पावसाचं पाणी आत येतं. काडीने मोकळी करून घ्या.

सापडलेलं सगळं फोटोसकट लेखी द्या. तोंडी बोलण्याला पुढे किंमत राहत नाही. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. जुना, दुसऱ्याकडून विकत घेतलेला फ्लॅट असेल तर ही तपासणी व्यवहाराचे पैसे पूर्ण देण्याआधी करा.

> सावधान: इंटीरियरचं काम याच आठवड्यात सुरू करू नका. कोणी आपल्या फरशीवर वाळू-सिमेंट कालवलं की पोकळ फरशी कोणामुळे तडकली हा वाद सुटत नाही.

## टप्पा २: मोजा, आणि काय न्यायचं नाही ते ठरवा

टेप घ्या आणि चार मापं लिहा: लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टची आतली उंची, फ्लॅटच्या दाराची रुंदी, आतल्या वळणाची रुंदी. सोफा आणि दिवाण याच वळणावर अडतात. सोसायटीला सामानाची वेगळी लिफ्ट असेल तर तिची वेळ आणि अनामत आधी विचारून ठेवा. अनेक ठिकाणी रविवारी सामान आणू देत नाहीत, आणि दुपारी दोन ते चार ठोकठाकही चालत नाही.

आवराआवर करताना लोक दोन टोकांना जातात. एकतर सगळंच उचलून नेतात, नाहीतर "नव्या घरात सगळं नवं" म्हणून अर्ध घर भंगारात देतात. दुसरी चूक जास्त दुखते. आमच्या ओळखीच्या एका घरात सासऱ्यांची पंचवीस वर्षांची लाकडी आरामखुर्ची, ते गावाला गेलेले असताना, न विचारता देऊन टाकली. नव्या घरात त्यांना हवी तशी दुसरी खुर्ची कधी मिळालीच नाही. ते हॉलमध्ये पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेला बसायचे.

नियम साधा ठेवा. ज्याची वस्तू, त्याचा निर्णय. प्रत्येक ज्येष्ठाची निदान एक जुनी बसायची किंवा झोपायची वस्तू नव्या घरात गेलीच पाहिजे, मग ती रंगसंगतीत बसो न बसो. मुलांनाही एकेक खोकं द्या आणि त्यात काय भरायचं ते त्यांना ठरवू द्या.

फुटके डबे, एकेकटी झाकणं, मुदत संपलेली औषधं, कुलूप नसलेल्या किल्ल्या यांचा मात्र निकाल जुन्या घरातच लावा. "तिकडे गेल्यावर बघू" असं म्हटलेलं सामान तिकडे गेल्यावर कोणी बघत नाही.

## टप्पा ३: पूजेची तारीख आणि राहायला जायची तारीख वेगळी ठेवा

सगळ्यात जास्त घरं इथेच दमतात. गुरुजींनी काढलेला मुहूर्त, ट्रक आणि जेवणावळ हे सगळं एकाच शनिवार-रविवारात कोंबलं जातं.

पितृपक्षात किंवा अधिक महिन्यात गृहप्रवेश नको असं घरात असेल, तर वाद घालू नका, तारीख पुढे-मागे करा. पण मुहूर्ताच्या दिवशी करायचं काम थोडं आहे. देव, पाण्याने भरलेला कलश आणि धान्य घेऊन आत जायचं, दूध उतू जाऊ द्यायचं, दाराला आंब्याचं तोरण बांधायचं. हे सकाळच्या तासाभरात घरच्या माणसांत होतं. सामान त्यानंतर आठ दिवसांनी आलं तरी चालतं. आणि माणसं बोलावून करायची वास्तुशांत दीड-दोन महिन्यांनी करा. तोवर कुठली शेगडी कुठे, ताटं कुठे, पाणी किती वाजता जातं हे घरच्यांना माहीत झालेलं असतं. यजमानीणही त्या दिवशी हसून बोलू शकते.

> सावधान: उंच इमारतींत छताला आगीच्या पाण्याचे फवारे बसवलेले असतात. त्यातली लाल काचेची नळी साधारण ६८ अंशांना फुटते. होमकुंड तिच्या खाली मांडू नका. धुराचा भोंगा वाजेल हे सुरक्षा कार्यालयाला आधी कळवा. बाल्कनीजवळ, खिडक्या उघड्या ठेवून, छोटं कुंड हा बरा मार्ग.

शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे मेमध्ये जाणं मुलांच्या दृष्टीने सोयीचं. शाळा बदलत असेल तर शाळा आणि घर एकाच आठवड्यात बदलू नका. मध्ये दोन-तीन आठवडे असू द्या.

## टप्पा ४: बांधाबांध

सामान नेणारी माणसं खोल्या झपाट्याने भरतात, पण त्यांच्या खोक्यावर फक्त "किचन" एवढंच लिहिलेलं असतं. असली अकरा खोकी हातात आली की त्यातलं एक उघडायचं धैर्य होत नाही. म्हणून खोक्यांना आकडे द्या आणि वहीत आकड्यापुढे आतला माल लिहा: "१४: डाळी, कडधान्यं, मसाल्याचा डबा, पोळपाट." आकडा खोक्याच्या दोन बाजूंना लिहा, वर नको. खोकी एकावर एक रचली की वरचा आकडा दिसत नाही.

आणि एक पिशवी कोणाच्याही हातात द्यायची नाही. तिला आमच्याकडे "पहिल्या रात्रीची पिशवी" म्हणतात. ती घरच्याच माणसाच्या मांडीवर जाते. तिच्यात:

- सगळ्यांची रोजची औषधं, निदान आठवड्याची, चिठ्ठीसह
- घराचा करारनामा, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), आधार, बँकेची कागदपत्रं, दागिने
- चहा, साखर, दूध पावडर, गाळणं, एक पातेलं, पकड, लायटर
- प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, टॉवेल, दात घासायचं सामान
- दोन चादरी, मच्छर मारायचं यंत्र, टॉर्च, चार्जर
- कात्री, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, एक्स्टेंशन बोर्ड
- बाळाची किंवा लहान मुलाची झोपताना लागणारी ती एकच वस्तू, चिंधी असो की भालू

यंत्रांचं. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, कोरडा करा आणि उभाच न्या. नव्या घरात चार-पाच तास उभा राहू द्या, मगच चालू करा. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम हलवताना अडकवून ठेवायचे लांब बोल्ट असतात. ते नेताना लावायचे आणि पोचल्यावर, मशीन चालू करण्याआधी, आठवणीने काढायचे. आमचे काढायचे राहिले. पहिल्याच धुण्याला मशीन भिंतीपासून हातभर पुढे आलं.

गॅसचं काम आठवडाभर आधी करा. गाव बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत देऊन अनामत रकमेची पावती घ्यावी लागते आणि त्या कागदावर नव्या गावात जोडणी मिळते. त्याच शहरात असाल तर फक्त एजन्सी बदलून मिळते. नव्या इमारतीत पाइपचा गॅस असेल तर सिलिंडरवर चालणारी शेगडी तशीच जोडता येत नाही. तिचे जेट बदलून घ्यावे लागतात, आणि ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. तोवर एक इंडक्शन शेगडी जवळ ठेवा.

## टप्पा ५: सामान पोचतं त्या दिवशी

आदल्या दिवशी घर पुसून घ्या. बाथरूममध्ये बादली आणि मग ठेवा. प्रत्येक खोलीच्या दारावर कागद चिकटवा: "आजीची खोली", "मुलं", "स्वयंपाक". हमालांना नकाशा समजावत बसावं लागत नाही.

त्या दिवशी माणसं अशी विभागा: एक जण जुन्या घरी शेवटचं खोकं निघेपर्यंत, एक जण नव्या घराच्या दारात वही घेऊन, आकडे टिकत. ज्येष्ठ आणि लहान मुलं दिवसभर कुणा नातेवाइकाकडे. धुळीत, उन्हात, प्लास्टिकच्या खुर्चीवर आठ तास बसवून आजोबांना नव्या घराची ओळख करून देऊ नका.

ट्रकमधून उतरवायचा क्रम आधी सांगून ठेवा: पलंग आणि गाद्या पहिल्यांदा, मग स्वयंपाकघर, मग कपडे. हॉलचं सामान शेवटी. संध्याकाळी सहापर्यंत सगळ्यांचे पलंग जोडून, चादरी घालून तयार पाहिजेत. बाकी घर पसाऱ्याचा डोंगर असलं तरी चालेल.

> तपासा: गाडी सोडण्याआधी वहीतले सगळे आकडे टिकलेत ना? पलंगाचे आणि कपाटाचे स्क्रू एका पिशवीत आहेत ना? जुन्या घराच्या माळ्यावर आणि दाराआड कोणी डोकावलंय ना?

## टप्पा ६: पहिले तीन दिवस फक्त झोप, पाणी आणि चहा

या तीन दिवसांत घर "लावायचं" नाही. ते चालू करायचं.

पहिल्या संध्याकाळी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि धुवा. नव्या इमारतीच्या पाइपांत सिमेंटचे कण असतात, त्यामुळे धार बारीक होते आणि लोक उगाच प्लंबर बोलावतात. सोसायटीच्या माणसाला विचारा: नगरपालिकेचं पाणी की टँकरचं, किती ते किती, पिण्याचा नळ वेगळा आहे का. शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर त्या पाण्याची तपासणी करून मगच घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर, आणि तेही अर्धच. शेगडीच्या उजव्या हाताला मीठ-मसाला-तेल, डाव्या हाताला पीठ-पोळपाट, सिंकजवळ रोजची भांडी. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला रिकाम्या ओट्यापुढे उभं करा आणि हवेत पोळी लाटायला सांगा. तिचा हात ज्या बाजूला जातो तिथे ती वस्तू. स्वयंपाकघर लावायला मदतीला आलेल्या जावा-नणंदा आपापल्या घरासारखं लावून जातात, आणि पुढे दहा वर्षं तूप मागच्या फळीवर राहतं. मदत घ्या, पण जागा तुम्ही ठरवा. चांदीची भांडी, दिवाळीचे साचे, मोठी पातेली ही खोकी पुढच्या आठवड्यात उघडली तरी बिघडत नाही.

या तीन दिवसांत दिवसाचं एक जेवण सगळ्यांनी एकत्र, जमिनीवर सतरंजी घालून, करा. वरण-भात आणि लोणचं पुरे. बाहेरून रोज मागवलेलं जेवण तिसऱ्या दिवशी नकोसं होतं. कुकरची पहिली शिट्टी झाली की घराला घराचा वास येतो, हे मी चारही घरांत पाहिलं.

## टप्पा ७: आजी-आजोबा आणि मुलं

या टप्प्याला बहुतेक लोक टप्पाच मानत नाहीत. "होईल सवय" म्हणतात. म्हणून इथे जरा थांबू.

रात्रीचा रस्ता. जुन्या घरात आजी डोळे मिटून संडासापर्यंत जाते. नव्या घरात तेच पाय सवयीने डावीकडे वळतात आणि तिथे भिंत असते. पडणं बहुतेक असंच होतं. म्हणून त्यांचा पलंग जुन्या घरात दाराच्या ज्या बाजूला होता, शक्यतो त्याच बाजूला लावा. पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाखाली गालिचा, वायर, पायपुसणं काही नको. रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि कमोडशेजारी पकडायला दांडी पहिल्याच आठवड्यात बसवा. पडदे नंतर. मग एका रात्री दिवे घालवून त्यांच्यासोबत तो रस्ता दोन-तीनदा चाला.

सारखे मजले. टॉवरमध्ये सातवा आणि अकरावा मजला हुबेहूब सारखे दिसतात. सासूबाई पहिल्या महिन्यात दोनदा नवव्या मजल्यावरची बेल वाजवून आल्या आणि त्यानंतर एकट्या खाली जाईनाशा झाल्या. उपाय सोपा निघाला. दाराबाहेर जुन्या घरातलं पितळी तोरण लावलं आणि त्या रोज तिथे स्वतः रांगोळी काढू लागल्या. लिफ्टचं दार उघडलं की आपली रांगोळी दिसली पाहिजे. इमारतीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर आणि दोन फोन नंबर ठळक अक्षरात लिहिलेला कागद त्यांच्या पिशवीत ठेवा. लिफ्टमधली धोक्याची घंटा आणि इंटरकॉम प्रत्यक्ष वाजवून दाखवा, एकदा नाही, तीनदा.

दिवसातलं एक बाहेरचं काम. वाड्यात आजीला दारात बसलं की माणसं दिसायची. अकराव्या मजल्यावर दारात कोणी येत नाही. टीव्हीने ही उणीव भरून निघत नाही. त्यांना रोजचं एक खरं काम द्या: कोथिंबीर आणणं, देवळात जाणं, नातवाला बसपर्यंत सोडणं. पहिले आठ दिवस कोणीतरी सोबत जा, नवव्या दिवशी चार पावलं मागे राहा. ज्येष्ठांचा कट्टा किंवा विरंगुळा केंद्र जवळ कुठे भरतं ते वाण्याला विचारा, त्याला ठाऊक असतं.

"आई, आज किती जणी होत्या कट्ट्यावर?" एवढं विचारायची सवय मात्र आपली. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, "सहा. त्यातली एक आपल्या शनिवार पेठेतली निघाली!" त्या दिवशी सासूबाई दोन पोळ्या जास्त जेवल्या.

मुलं. राहायला जाण्याआधी त्यांना रिकाम्या घरात दोनदा न्या, धावू द्या. त्यांचं खोकं त्यांनीच उघडायचं. शाळेच्या बसचा थांबा सुट्टीच्या दिवशी चालत जाऊन दाखवा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. संध्याकाळी खाली खेळायला सोडताना पहिले काही दिवस तुम्हीही बाकावर बसा. त्या बाकावर तुमचीही ओळख होते.

> सावधान: बाल्कनीच्या कठड्यापाशी आणि खिडकीखाली खुर्ची, स्टूल, कुंडी, पेटी, खोकं काहीही ठेवू नका. खिडक्यांना लोखंडी किंवा दोरीची जाळी बसेपर्यंत लहान मुलाला त्या खोलीत एकटं सोडू नका.

## टप्पा ८: शेजार, पहिल्या ते सहाव्या आठवड्यात

शेजार आपोआप होतो असं वाटतं. लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघण्याच्या काळात तो आपोआप होत नाही. पण पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्यावर पेढे वाटत फिरण्यानेही होत नाही, कारण त्या दिवशी कोणाचंच नाव लक्षात राहत नाही.

क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात फक्त समोरचं दार: नाव, फोन, आणि "ठोकठाकीचा त्रास होईल, सांगा हं" एवढंच. दुसऱ्या आठवड्यात वर आणि खाली, कारण गळती झाली तर याच दोन घरांशी बोलायचं असतं आणि भांडणाआधी ओळख असलेली बरी. मग एखाद्या दिवशी काही जास्त झालं, थालीपीठं, गुळपोळ्या, की समोर डबा द्या. डबा रिकामा परत येत नाही, हा आपल्याकडचा जुना धडा अकराव्या मजल्यावरही चालतो. आमच्या समोरच्या काकू नागपूरच्या. त्यांच्याकडून सांडग्यांची भाजी आली आणि दोन घरांची दारं दुपारी उघडी राहू लागली.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू, कोजागिरीचं गच्चीवरचं दूध, सोसायटीचा गणपती यांपैकी जे पहिलं येईल त्यात वर्गणी देऊन थांबू नका, एक काम अंगावर घ्या. प्रसादाची वाटी भरायला उभं राहिलं की तासाभरात चाळीस चेहरे ओळखीचे होतात.

कामाला मावशी लगेच ठरवू नका. आठवडाभर आधी घराची वेळ ठरू द्या: पाणी केव्हा, डबे केव्हा, दुपारी कोण झोपतं. मगच वेळ आणि काम स्पष्ट सांगून बोला. दर आठवड्याला वेळ बदलणाऱ्या घरात चांगली मावशी टिकत नाही, आणि तिची चूक नसते.

## टप्पा ९: कागद, पहिल्या महिन्यात

एक फाइल करा आणि महिन्याभरात एवढं उरका:

1. वीजमीटर आपल्या नावावर. महावितरण किंवा तुमच्या भागातल्या कंपनीकडे नावबदलाचा अर्ज.
2. मालमत्ता कराला नाव. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत्या घराला ४० टक्के सवलत आहे, तिच्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. तो न भरल्याने दरवर्षी जास्त कर भरणारी घरं मी पाहिली आहेत.
3. सोसायटीचं सभासदत्व, भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव, आणि नामनिर्देशन (नॉमिनेशन). शेवटचं सगळे विसरतात.
4. आधारचा पत्ता, आणि त्यानंतर बँक, विमा, गॅस, शिधापत्रिका.
5. मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना ८.

क्रम महत्त्वाचा. वीजबिल आधी आपल्या नावावर आलं की पुढच्या बऱ्याच ठिकाणी पत्त्याचा पुरावा तयार असतो.

## टप्पा १०: फर्निचरला तीन महिने थांबा

सगळ्यात अवघड सल्ला हाच, कारण सुतार दारात उभा असतो.

पहिल्या महिन्यात आठ दिवस एक कागद फ्रिजवर लावा. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच, ऊन कुठल्या खोलीत किती आत येतं ते लिहा. शेजारी दुसरी ओळ: चहाचा कप घेऊन कोण कुठे जाऊन थांबलं. बहिणीकडे सगळे हॉल सोडून स्वयंपाकघराच्या छोट्या बाल्कनीत उभे राहायचे. तिथे नंतर अरुंद फळी आणि दोन स्टुलं आली. लाखभर रुपयांचा सोफा घ्यायचा होता, तो घेतलाच नाही. आता सकाळचा चहा दोघं तिथेच पितात, आणि समोरच्या पिंपळावरचे पोपट मोजतात.

तुळशीलाही हेच. तिला काही तास थेट ऊन लागतं. ते जिथे येतं तिथे वृंदावन ठेवा, जिथे छान दिसेल तिथे नको.

भिंतीला भोक पाडण्याआधी पाण्याच्या आणि विजेच्या नळ्या कुठून गेल्यात त्याचा नकाशा सोसायटीकडून मागा. अनेक नव्या इमारतींत मायवान पद्धतीच्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. त्यांना खिळा जात नाही, हॅमर ड्रिल लागतं, आणि त्या फोडून खोली मोठी करणं म्हणजे इमारतीच्या आधारालाच हात घालणं. तसं कधीच करू नका.

नवी प्लायवूडची कपाटं बनवली तर दारं उघडी टाकून, खिडक्या उघड्या ठेवून निदान दोन-तीन आठवडे वास जाऊ द्या. लहान मुलाला त्या खोलीत इतक्यात झोपवू नका.

## टप्पा ११: पहिला पाऊस

मेमध्ये राहायला गेलेल्या घराची खरी परीक्षा जूनमध्ये. पहिला जोराचा पाऊस पडून गेला की टॉर्च घेऊन पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतींना आतून हात लावून बघा, कारण आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूंनी असतो. खिडकीच्या खालचे दोन्ही कोपरे, छताची कड, एसीच्या नळीचं भोक, कपाटामागची भिंत. ओल दिसली तर तारीख दिसेल असा फोटो काढून त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. रंगाऱ्याला बोलावून डाग झाकू नका. पुरावा जातो आणि ओल राहते.

बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. हवा खेळली नाही की मागे बुरशी धरते आणि रेशमी साड्यांना वास लागतो.

आमच्या घरात त्या पहिल्या पावसात बाल्कनीच्या दाराखालून पाणी आत आलं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची घडी करून उंबऱ्याला लावली, मुलीने टॉर्च धरली, मी फोटो काढले. वीज गेलेली होती. काम संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता आलंच आहे पाणी, तर भजी तळू या." कांदा, बेसन, कढई, झारा, सगळं अंधारातसुद्धा पहिल्या फटक्यात हाताला लागलं.